लिनक्सवरचं तिचं फोटोशॉप

लग्नाची बोलणी चालू असताना तिच्या वडिलांनी मला बाहेर कडुलिंबाखाली नेलं आणि सरळ सांगितलं, "पोरीच्या रक्तात सिकलसेलचा आजार आहे. लपवून देत नाही मी."

मला ते ठाऊक होतं. शाळेतल्या तपासणीत तिचं निघालं होतं, आणि आमच्या भागात असल्या गोष्टी गावापासून लपत नाहीत. मी म्हणालो, "मले चालते जी." माझी आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. मग तिनंच आमच्या बौद्ध रीतीप्रमाणे लग्नाची पांढरी साडी आणली.

ती बारीक होती, आणि तिच्या डोळ्यांत कायम थोडी पिवळी झाक असायची. थंडी लागली, दमली, पाणी कमी प्यायली की तिचे सांधे दुखायला लागत. ते दुखणं मी पाहिलं आहे, त्याचं वर्णन मला करता येत नाही. दोन-तीन दिवस गादीवर तळमळायची आणि उठली की पहिलं विचारायची, "दुकानात कोणाचं काम राहिलं काय?"

देवरीला हायवेच्या कडेला माझा छोटासा फोटो स्टुडिओ होता. रोलचे दिवस होते. लग्नांचे फोटो काढायचे आणि रोल सकाळच्या बसनं गोंदियाच्या लॅबला पाठवायचे. पुढं डिजिटल कॅमेरे आले तेव्हा मी घाबरलो. ती घाबरली नाही. "कॅमेरा तुम्ही धरा, कम्प्युटर मी धरते," म्हणाली आणि गोंदियाला मावशीकडे राहून क्लास करून आली. तिथला मास्तर हिंदीतून शिकवायचा. त्यामुळं घरी येऊनही ती स्वतःशी "पहले सिलेक्ट, फिर फेदर" असं पुटपुटत असायची. आई विचारायची, "सूनबाई मंत्र म्हणते काय?"

तिचा हात फोटोशॉपवर बसला. डावा हात कळांवर, उजवा माऊसवर, नजर पडद्यावर. लग्नाचे अल्बम ती करायचीच, पण लोक लांबून यायचे ते मयताच्या फोटोसाठी. कुणाकडे मेलेल्या माणसाचा धड फोटो नसायचा. मतदार ओळखपत्र असायचं, किंवा कुठल्या तरी बारशाच्या फोटोत मागं उभं राहिलेलं अर्धं तोंड. त्यातून ती माणूस बाहेर काढायची. कपाळावरचा शिक्का पुसायची, मिटलेला डोळा उघडायची, म्हाताऱ्याला पांढरा सदरा घालायची. मग घरच्यांना जवळ बसवून विचारायची, "असेच दिसत होते काय? गाल अजून बसले होते काय?" माणसं पडद्याकडे बघून रडायची, तीही डोळे पुसायची आणि पुन्हा माऊस धरायची.

मग पेन ड्राइव्ह आले आणि त्यांच्याबरोबर व्हायरस आले. गिऱ्हाइकानं पेन ड्राइव्ह लावला की विंडोज बसलंच. गोंदियाहून दुरुस्तीवाला यायचा, सगळं पुसून पुन्हा टाकायचा, आणि काही दिवसांत तेच. एकदा कोहमाऱ्याजवळच्या गावातल्या एका मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात गेले. कॅमेऱ्याचं कार्ड आम्ही दुसऱ्या लग्नासाठी रिकामं करून ठेवलं होतं. मुलीची आई दुकानात आली, खुर्चीवर बसली. जाताना एवढंच म्हणाली, "तिचे बाबा लग्नानंतर महिन्याभरात गेले. तेवढाच फोटो होता त्यांचा, तिचा हात धरलेला."

त्या दिवशी माझी बायको जेवली नाही.

पुढच्या वेळी तिला रक्त चढवायला गोंदियाला गेलो, तेव्हा परतताना स्टेशनवरच्या पुस्तकांच्या दुकानातून तिनं एक कम्प्युटरचं मासिक घेतलं. त्याच्याबरोबर लिनक्सची सीडी फुकट होती. विंडोजच्या जागी टाकायचं, त्याला हे व्हायरस लागत नाहीत, असं तिनं मला बसमध्ये समजावलं. वाटेतलं आमगाव यायच्या आत तिचं ठरलंसुद्धा होतं.

लिनक्स तिनं एका दुपारी टाकलं. कम्प्युटर न अडखळता चालायला लागला. पण फोटोशॉप विंडोजचं, ते लिनक्सवर चालेना. लिनक्सचं स्वतःचं फोटोचं सॉफ्टवेअर होतं. ते तिनं चार दिवस वापरून पाहिलं. "चांगलं आहे," म्हणाली, "पण माझे हात याच्यात चाचपडतात जी. दुखतात तेव्हा हातांनी आपोआप चालावं लागते. विचार करत बसले तर काम होत नाही."

मग तिला कुठून तरी वाईनचा पत्ता लागला. वाईन म्हणजे लिनक्सच्या आत विंडोजचा भास उभा करणारी सोय. सॉफ्टवेअरला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. ते मला समजलं, पण आईला समजवायला कुणी गेलं नाही. एक दिवस बायको फोनवर त्या क्लासच्या मास्तरांना सांगत होती, "नाही सर, वाईन पुन्हा टाकली, तरी चढत नाही." आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझ्याकडे बघत राहिली. "हे काय चालू आहे घरात? मोहाच्या दारूची कमी होती काय देवरीत?" आम्ही दोघं इतके हसलो की बायकोला धाप लागली. पुढं आईसुद्धा पाहुण्यांना सांगायची, "सूनबाई वाईन टाकून राहिली," आणि त्यांचे चेहरे बघून हसायची.

तो उन्हाळा तिचा त्यातच गेला. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट सकाळी जरा बरं चालायचं. त्या वेळात ती एका परदेशी संस्थळावर प्रश्न टाकायची आणि दुसऱ्या दिवशी उत्तरं बघायची. इंग्रजी तिचं दहावीपर्यंतचं. शब्दकोश मांडीवर असायचा. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायची, खाली लाल-पांढऱ्या ओळी धावायच्या, आणि ती मान हलवायची. "एक फाइल कमी आहे म्हणून सांगून राहिलं." ती फाइल मिळाली की दुसरीच कमी पडायची. फोटोशॉपची पहिली पाटी यायची आणि सगळं बंद व्हायचं. मी म्हणायचो, "सोड ना वं. विंडोजच टाकू." ती म्हणायची, "त्या पोरीच्या बाबाचा फोटो पुन्हा नाही येणार. दुसऱ्या कोणाचा तरी नको जायला."

ज्या दिवशी ते चाललं त्या दिवशी ती दुखण्यात होती. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी बांधून खुर्चीत बसली होती. मी बाहेर पासपोर्ट फोटो कापत होतो. आतून हाक आली, "या ना जी! चालून राहिलं!" मी गेलो तर पडद्यावर डाव्या हाताला हत्यारांची पट्टी उभी होती, तिच्या सवयीच्या जागी. तिनं एक फोटो उघडला, एक रेघ काढली आणि पुसली. पुन्हा काढली. चेहरा घामानं भिजलेला, आणि ती हसत होती.

तरी ते अपंगच चाललं. अक्षरं लिहायला गेलं की सगळं बंद पडायचं. मयताच्या फोटोखाली नाव लागतं, म्हणून नाव ती लिनक्सच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायची, त्याचं चित्र करायची आणि ते चित्र आणून फोटोवर चिकटवायची. मोठा फोटो असला की ब्रश मागं राहायचा, हात पुढं जायचा. या सगळ्याची तिला सवय झाली. पण त्यानंतर आमचा एकही फोटो गेला नाही.

तिची दुखणी लागोपाठ यायला लागली. पोटात मूल राहिलं होतं, ते पाचव्या महिन्यात गेलं, आणि त्यानंतर ती पहिल्यासारखी भरून आलीच नाही. मी स्टुडिओच्या मागच्या खोलीत खाट टाकली. बोटं सुजायची, माऊस धरवायचा नाही. तेव्हा ती खाटेवर पडून सांगायची आणि मी कम्प्युटरवर बसायचो.

एकदा एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांची बायको वारली होती. फोटो एकच, भावकीतल्या लग्नातला, त्यात ती पंगतीला वाढत होती, मान खाली.

"मान वर करता येईल काय?" त्यांनी मला विचारलं.

मी आत बघितलं. माझी बायको खाटेवरून म्हणाली, "मान वर नाही करता येणार बाबा. पण खाली बघणारीच राहू द्या ना. वाढून राहिल्या होत्या तर वाढू द्या."

म्हाताऱ्यांनी फोटो पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "होय. ती बसतच नव्हती कधी."

तिनं मला शिकवत शिकवत तो फोटो करवून घेतला. "कडेनं लासो फिरवा. हळू. केसापाशी आतून जा. जास्त झालं, मागं घ्या." माझी रेघ चुकायची, ती तेच पुन्हा सांगायची. फोटो झाल्यावर तिनं पडद्याकडे मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, "आता तुम्हाला येते."

त्या हिवाळ्यात तिला ताप आला आणि छातीत दुखायला लागलं. जीप करून गोंदियाला निघालो. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. वाटेत तिनं विचारलं, "लाइट गेली तर मशीन नीट बंद होईल ना?" मी म्हणालो, "होईल." दवाखान्यात ऑक्सिजन लावला, रक्त लावलं. डॉक्टर चांगला होता, तो तिच्याजवळून हलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिच्या वडिलांनी माझा हात धरला. 

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, श्रद्धांजलीसाठी, फोटो हवा होता. ओळखीचा एक फोटोग्राफर म्हणाला, "मी करून देतो, तू नको बसू." मी म्हणालो, "तिच्या मशीनवर करायचा आहे." मशीन लावलं. वाईन उघडली, फोटोशॉप उघडलं. फोटो मीच काढलेला होता, दुकानाच्या दारात उभी, उन्हात डोळे बारीक केलेले. मी पदराची घडी सरळ केली, मागचा विजेचा खांब काढला. मग डोळ्यांपाशी आलो.

दुसऱ्या कुणाचे पिवळे डोळे असते तर तिनं ते पांढरे केले असते. मी ब्रश घेतला आणि एक डोळा केला. पडद्यावर कुणीतरी दुसरीच बाई दिसायला लागली. निरोगी. मी तिला ओळखत नव्हतो. केलेलं मागं घेतलं आणि डोळे होते तसे ठेवले.

आईनं फ्रेम हातात घेतली. "डोरे काऊन पिवरे ठेवले रे?"

"तिचे होते, आई."

आईनं पदरानं काच पुसली आणि फोटो टेबलावर ठेवला.

दोन उन्हाळे मी त्या मशीनवर काम केलं. तिसऱ्या उन्हाळ्यात हार्ड डिस्क गेली. फोटो दुसरीकडे होते, त्यातलं काही गेलं नाही. पण तिनं बसवलेलं सगळं गेलं. नवीन डिस्कवर मी लिनक्स टाकलं, वाईन टाकली, फोटोशॉप मात्र सुरू होईना. ती जिथं प्रश्न विचारायची त्या संस्थळावर तिच्याच खात्यातून गेलो, मोडक्यातोडक्या इंग्रजीत अडचण लिहिली. दुसऱ्या दिवशी उत्तर होतं. कोण, कुठल्या देशातला, मला माहीत नाही. त्यानं आधी लिहिलं होतं, बऱ्याच दिवसांनी दिसलात, हातांचं दुखणं आता कसं आहे? त्याखाली माझ्या अडचणीवर काय करायचं ते.

दुखण्याचं ती त्यांना सांगत होती, हे मला माहीत नव्हतं. मी दुकानात बसून ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग लिहिलं, मी तिचा नवरा. ती वारली. त्यानं चार ओळी लिहिल्या. त्यातला एक शब्द मला शब्दकोशात पाहावा लागला, तिच्या शब्दकोशात.

त्यानं सांगितलेलं मी करून पाहिलं नाही. केलं असतं तर कदाचित चाललंही असतं. मी लिनक्सचं ते दुसरं, साधं सॉफ्टवेअर उघडलं आणि पहिल्यापासून शिकायला बसलो. मला काय, दोन्हीत चाचपडायचंच होतं.

आता लोक मोबाइलवर फोटो काढतात. अल्बमची कामं गेली. मी झेरॉक्स मशीन घेतलं, ऑनलाइन अर्ज भरून देतो. जून महिन्यात शाळेच्या प्रवेशांसाठी पासपोर्ट फोटोंची गर्दी होते. मागच्या जूनमध्ये एके दिवशी सकाळपासून रांग होती. आया मुलांचे केस पाणी लावून बसवत होत्या, कुणी रडत होतं, कुणाला कॉलरचा शर्ट नव्हता म्हणून मी माझ्याकडचा घालायला दिला. चहा प्यायला सवड मिळाली नाही. सहाच्या सुमारास शेवटचं गिऱ्हाईक गेलं, मी शटर ओढलं, कुलूप लावलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज दिवसभरात तिची आठवण एकदाही आली नव्हती.

मी तिथंच पायरीवर बसलो. हायवेवरून छत्तीसगढकडे ट्रक जात होते. शेजारचा पानवाला म्हणाला, "काऊन जी, तब्येत बरी नाही काय?"

"बरी आहे," मी म्हणालो, आणि उठता येईपर्यंत बसून राहिलो.