कारखान्याच्या मापाचे सीटी

रेवदंड्याच्या वीज उपकेंद्रात मी ऑपरेटर आहे. एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी कुंपणाबाहेर येतात. नाव मी कधी विचारलं नाही. जाळीत बोटं अडकवून ते एवढंच विचारतात, "लोडचा काटा हलतो का?"

परवा म्हटलं, "न्हाय, साहेब. आत या, चहा घ्या."

"कुठल्या तोंडानं येऊ? तारांमधला लोड मोजून काट्याला देणारे हे खांबावरचे सीटी मीच निवडले, येणाऱ्या मोठ्या कारखान्याच्या मापानं. कारखाना आलाच नाही. एवढ्या मोठ्या मापावर गावाचा एवढासा लोड दिसत नाही."

त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, "बर्फाची फॅक्टरी चालू झाली की जरा हलतो."

"म्हणजे बर्फ दिसतो. माणसं नाही."

समोर गावात दिवे लागत होते. माझ्या घरचाही लागला. कुठला, ते मी त्यांना दाखवलं नाही.