आईचा न दुखणारा पाय

मंडळी, आज सकाळी आईशी कडाडून भांडले, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाहीये.

आईला शुगर आहे. तिच्या पायाच्या जखमेवर दवाखान्याने चाचणी म्हणून सेन्सरची पट्टी लावलीय. जखम आतून तापली की माझ्या मोबाइलवर लाल खूण येते. आज आली. फुलपाड्याच्या माझ्या घरून तडक अर्नाळ्याला आईकडे गेले, तर आई किनाऱ्यावर अनवाणी बोंबील वाळत घालत होती.

"मना नाय दुखत. खाऱ्या पान्यानं बरा होल," म्हणाली.

"दुखत नाही म्हणूनच चल!" हाताला धरून रिक्षात बसवलं. डॉक्टरांनी पट्टी काढली तर आत पू.

शुगरने पायाची जाणीवच जाते हो. तुमच्या घरात कुणाला शुगर असेल तर "दुखतंय का?" विचारू नका. आजच त्यांचा पाय हातात घेऊन बघा.