दांड्याखालची चार बोटं

मुलांनो, आज गेटवरच्या आडव्या लोखंडी दांड्यावर बुलबुल बसलेला दिसला, म्हणून लिहिते. आजोबांची जुनी कॅम्पर व्हॅन आत येऊ नये, म्हणून ते वारल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो दांडा मुद्दाम बसवला. वर मला म्हणाले, "काकू, द्या आता भंगारात."

व्हॅन दांड्याखालून जाईल इतकी बुटकी करून घ्यायला मी ती मेकॅनिककडे नेली. तो म्हणाला, "आजी, स्प्रिंगा कापतो. तासाभरात गाडी खाली बसेल."

"नको. कापलेल्या स्प्रिंगांवर गाडी आदळते. मापाच्या आखूड स्प्रिंगा घाल."

दोन महिने लागले. सूड घाईने घेतला, तर दणके आपल्यालाच बसतात.

मग सेक्रेटरी कुंड्यांना पाणी घालत असताना मी व्हॅन सावकाश आत आणली. वर चार बोटं जागा उरली. हॉर्नही वाजवला.

दांडा अजून आहे, बुलबुलाला बसायला. व्हॅनही आहे, सेक्रेटरींच्या खिडकीसमोर.