मिस्त्रीचाचांची भूक

त्या वर्षी रमजान ऐन मे महिन्यात आला होता. मारेगावच्या उन्हात ट्रॅक्टरच्या लोखंडाला हात लावला तरी चटका बसे. तशात मिस्त्रीचाचा दिवसभर पाण्याचा थेंब न घेता इंजिनं खोलत, जोडत आणि वर गिऱ्हाइकांशी हसून बोलत. मी तिथल्या शाळेत शिकवायचो, त्यांच्या गॅरेजसमोर भाड्याने राहायचो. स्वतःवर एवढा ताबा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

त्या माणसाला पाकिटांनी हरवलं. लेक सासरी गेली, घर सुनं झालं. शेजारच्या किराणा दुकानात चिप्सच्या, मसालेदार कुरकुरीत काड्यांच्या रंगीत माळा लोंबत. काम करता करता चाचा एक पाकीट फोडत. दुसरं कधी फुटलं, त्यांनाही कळत नसे. चाचींनी दिलेला डबा तसाच परत जाई. अंग सुटलं. मग एकदा पायावर जड लोखंड पडलं आणि जखम भरेचना. शुगर निघाली. बोट काढावं लागेल, नाही सांभाळलं तर पायही जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

मी न राहवून विचारलं, "चाचा, महिनाभर रोजे धरता तुम्ही. हे एवढंसं सुटत नाही?"

"रोजा सोपा हाये गुर्जी," ते म्हणाले. "तिथं सुरूच नाही करा लागत. इथं सुरू केल्यावर थांबा लागते. चवच अशी बनोली हाये, का पोट बस म्हन्ते, पन हात आयकत नाही."

बोट गेलं. दुकानदाराला माळा हटवायला सांगा, असं लोक म्हणाले. "काहून? त्याचं बी घर चालते त्याच्यावर," म्हणत चाचांनी स्वतःच पाकिटं सोडली. सुरुवातीला फार चिडचिड होई. चाचींवर ओरडत, मग त्यांच्याजवळ जाऊन बसत. कोणी फोडलेलं पाकीट पुढे केलं, की तो धिप्पाड माणूस दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा राही. मी खिडकीतून बघत राहायचो. मला रोज्यांपेक्षा हे मोठं वाटे.

माझी बदली झाली तेव्हा त्यांनी जेवायला बोलावलं. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर होती. चाची आणखी वाढू लागल्या, तशी चाचांनी ताटावर तळहात आडवा धरला.

"बस. भूक लागली व्हती, गेली."

मग ते स्वतःच थबकले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "किती दिसानं समजलं गुर्जी मले, भूक गेलेली."

चाचींनी भाकर परत टोपल्यात ठेवली आणि ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.