अच्युतचे निळे काटे

वृंदा कारेकर दुपारी झोपत नाही. तिला विचारा, शपथेवर सांगेल. जेवण झालं की ती कारखान्यातल्या आरामखुर्चीत नुसती पाठ टेकते, नुसते डोळे मिटते, आणि मग जे घोरणं ऐकू येतं ते म्हणे शेजारच्या लेथ यंत्राचं असतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ घोरतात, असं तिचं म्हणणं. तुम्ही वाद घालू नका, मीही घालत नाही.

तर आजही ती झोपलेली नाही. समोर टेबलावर दोन काचेच्या बशा आहेत. एकीत निळे काटे, दुसरीत सोनेरी. मधे सायीच्या रंगाची तबकडी बसवलेलं एक घड्याळ, वरची काच अजून लावायची आहे. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केल्यावर या बहीणभावाला उतारवयात खूळ सुचलं की एक चावीचं घड्याळ स्वतःच्या नावाचं काढायचं. चक्रं जमली, तबकडी जमली, आणि काट्यांपाशी गाडं अडलं. अच्युतला हवे होते निळे, पोलादाला ताव देऊन निळे केलेले आणि आरशासारखे चकचकीत. वृंदाला हवे सोनेरी, तेही चकचकीतच. दोघं इतकी भांडली की जेवणाच्या डब्यांचीसुद्धा टेबलं वेगळी झाली.

मग गेल्या श्रावणात अच्युत दवाखान्यात वारला. जाताना म्हणे म्हणाला, "निळेच लावा." म्हणे! कारण ते ऐकलं एकट्या कल्याणीवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं. वृंदा तेव्हा खाली औषधं आणायला गेली होती. भाऊ तिचा, भांडण तिचं, आणि शेवटचा शब्द पडला वहिनींच्या कानात. वहिनींना घड्याळातलं ओ की ठो कळत नाही. पण निळा रंग त्यांचा जीव की प्राण. त्यांच्या कपाटातल्या साड्या बघा एकदा. तेव्हापासून वृंदाच्या मनात संशयाचं कुसळ रुतलंय ते रुतलंयच. बरं, विचारायची सोय आहे का? नवरा गेलेल्या बाईला तोंडावर कसं म्हणणार, की वहिनी, तुम्ही थाप मारताय?

आणि आज संध्याकाळी काटे कापून देणाऱ्या पांचाळांना रंग सांगायचाय. वहिनींनी सकाळीच सुनावलंय, "ह्यांचा शब्द मोडायचा असेल, तर माझा हिस्सा वेगळा करा आणि ओढा शटर." म्हणजे सोनेरी म्हटलं तर कारखाना जातो, आणि निळे म्हटलं तर आपण खोट्यापुढं मान तुकवली ही टोचणी जन्मभर. वृंदा डोळे मिटते. नुसते मिटते.

शेजारचा लेथ थांबतो.

"दिवा जरा इकडं कर गं," अच्युत म्हणतो.

तो आपल्या स्टुलावर बसलाय, डोळ्याला भिंग लावून, पाठीचं पोक नेहमीएवढंच. तो गेलाय हे वृंदाला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे ती घाबरत नाही. तिला संशय येतो.

"तू कसा काय आलास?"

"जिन्यानं."

वृंदा हळूच त्याच्या पायांकडे बघते. पाय सरळ आहेत.

"उलटे आहेत का बघतेयस?" तो भिंग न काढता म्हणतो. "बघ, बघ. चपलाही काढल्या नाहीत, त्यावरून तरी ओळख."

खरंच, चपला घालूनच आत आलाय. म्हणजे तोच. पण तोच असला म्हणून विश्वास ठेवायचा? लहानपणी पत्ते खेळताना बदामाचा राजा मांडीखाली दाबणारा हा प्राणी. डाव हरायला लागला की याला हमखास तहान लागायची, आणि पाणी पिऊन आला की याच्या हातात एक पान जास्त असायचं. मेल्यानं माणूस सुधारतो असं कुठं लिहिलंय?

"तुला वहिनींनी पाठवलं," वृंदा म्हणते. "निळ्याची वकिली करायला."

"पिशवी घे," अच्युत म्हणतो. "उशीर केला तर चांगला माल संपतो."

पिशवी वृंदाच्या हातात आहे आणि दोघं मंडईत उभी आहेत. मंडई तीच, रोजची, पायाखाली मेथीच्या काड्या आणि चिखल. फक्त गोणपाटांवर भाजी नाही. काट्यांचे ढीग आहेत. निळे, सोनेरी, काळे, चंदेरी, गवारीच्या शेंगांसारखे ओतून ठेवलेले.

"घ्या ताई, निळे घ्या, कोवळे आहेत," नऊवारीतली एक बाई ओरडते. "सोनेरी पण ताजेच. बोट लावून बघा."

"बोट लावू नकोस, डाग पडतात," अच्युत सवयीनं म्हणतो.

बाई केळीच्या पानाचा एक गोल तुकडा घेते आणि त्यावर दोन सोनेरी काटे मांडते. लहान दहावर, मोठा दोनवर. मग दुसऱ्या पानावर दोन निळे. लहान दहावर, मोठा दोनवर. दोन्ही जोड्या अशा झळकतात की वृंदाला दिपल्यासारखं होतं. घड्याळवाल्यांची ही जुनी रीत आहे. घड्याळ दाखवायला ठेवायचं ते दहा वाजून दहा मिनिटांवर. काटे दोन्हीकडे हात उभारल्यासारखे दिसतात, मधे नाव मोकळं राहतं, आणि वरच्या दिव्याचा उजेड दोन्ही काट्यांवर सारखा पडतो. दुकानात तसंच, जाहिरातीत तसंच. सवय इतकी अंगात भिनते की ही माणसं एकटी असतानाही घड्याळ दहा-दहावरच लावून बघतात.

"किती वाजले गं?" अच्युत विचारतो.

"दहा-दहा."

तो भाजीवाल्या बाईच्या मनगटाकडे बोट दाखवतो. "तिथं?"

"दहा-दहा."

"आणि तुझ्या?"

वृंदा स्वतःच्या हाताकडे बघते. दहा-दहा. सगळ्या मंडईत एकच वेळ झालीय. हा काहीतरी डाव टाकतोय. याच्या आवाजात तोच गोडवा आलाय, मांडीखाली राजा असतानाचा.

"दादा, सरळ बोल. तुझ्या मनात काय आहे?"

"माझ्या मनात?" तो म्हणतो. "मी तर तुझी पिशवी धरायला आलोय."

बाईनं ढिगावर झाकायला ओढलेली चादर पांढरी आहे, तिच्या कडेला दवाखान्याचा शिक्का आहे, आणि मंडई म्हणजे तो लांबलचक व्हरांडा आहे. फिनेलचा वास येतो. अच्युत बाकावर बसलाय, पायजमा आणि बंडी घालून, हाताला सलाईनची पट्टी. वृंदाचा हात औषधांच्या पिशवीनं भरलेला. त्या दिवशी ती इथंच पोचली होती आणि आतून वहिनींचं रडणं ऐकू आलं होतं. आज रडणं ऐकू येत नाही. म्हणजे अजून वेळ आहे. ती पिशवी बाकावर ठेवते आणि त्याच्यासमोर उभी राहते, कारण असा मोका पुन्हा मिळायचा नाही.

"दादा, देवाशपथ खरं सांग. वहिनी म्हणतात की तू शेवटी म्हणालास, निळेच लावा. म्हणालास का?"

अच्युत विचार करतो. चांगला बराच वेळ करतो. डोकं खाजवतो.

"आठवत नाही गं."

"काय?"

"खरंच आठवत नाही. तहान लागली होती खूप. बाकी काही ध्यानात नाही."

"अरे मेल्या!" वृंदा ओरडते, आणि जीभ चावते.

अच्युत खो खो हसतो. "म्हण, म्हण. आता कुठं बरोबर लागू पडलं."

वृंदाला मात्र हसू येत नाही. तिचा संताप संताप होतोय. ज्याच्या एका शब्दावरून दोन बायका एका ओट्यावर दोन चहा करतात, त्याला तो शब्दच आठवू नये? की आठवतोय, आणि हा लबाड मुद्दाम सांगत नाही? आठवत नाही म्हटलं की वहिनी खोट्या ठरत नाहीत, बहीणही दुखावत नाही, आणि आपण नामानिराळे. जिवंत असतानाही हा असाच निसटायचा.

"मला तू हवास खरा, पण मला तुझा भरवसा नाही," ती म्हणते. तिच्या डोळ्यांत पाणी आलंय. "मी खाली गेले होते रे. दोनच मिनिटं गेले होते."

"माहितेय," तो म्हणतो. आणि मग, पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघून, "चावी फिरव."

त्यांचं घड्याळ आता व्हरांड्याच्या भिंतीवर आहे, ताटाएवढं मोठं. एक बाजू निळ्या काट्यांची, एक सोनेरी, कशी ते विचारू नका, स्वप्नात बसतं. वृंदा चावी फिरवते. काटे दहा-दहावरून हलतात, आणि हलल्याबरोबर सोनेरी काटा तबकडीच्या सायीत विरघळतो. ती डोळे ताणते. कुठं गेला? अजून फिरवते. आता निळा काळा पडतो. अजून थोडा, तर त्यात छताचा चुना दिसायला लागतो आणि तो पांढरा होऊन नाहीसा होतो. भिंतीवर नुसते आकडे उरतात.

"माझे दिसत नाहीत," वृंदा म्हणते. मग थोड्या समाधानानं म्हणते, "तुझेही दिसत नाहीत."

"दहा-दहाला कसे दिसले होते?"

"मुलगी दाखवायला आणल्यासारखे," ती म्हणते, आणि तिला एकदम लख्ख कळतं. नटवून, पाटावर बसवून, दिवा लावून बघितलं होतं सगळं. संसार तर उरलेल्या वेळी करायचा असतो. आरसा केला की काटा स्वतःचा रंग दाखवतच नाही, समोर जे येईल ते दाखवतो. वर्षभर रंगावरून डोकी फोडली आणि चूक सगळी त्या चकाकीत होती.

वारा सुटतो. दोघं रंकाळ्याच्या कठड्यावर बसली आहेत आणि खाली तळ्यात पाण्याऐवजी सायीच्या रंगाचा सपाट उजेड आहे. अच्युतच्या मांडीवर धातू घासायचा बारीक एमरी पेपर. त्यानं निळा काटा बोटाखाली धरलाय आणि तो घासतोय, एकाच दिशेनं, मुळापासून टोकाकडे.

"अरे, काय करतोस! निळा जाईल तो!"

"जाऊ दे की."

"अरे तुझा निळा आहे!"

"माझा कसला? तावाचा होता." तो घासत राहतो. निळा पापुद्र्यासारखा निघतो आणि खालून करडं पोलाद येतं, त्यावर केसाएवढ्या बारीक रेघा. तो काटा उजेडात धरून फिरवतो. करडा. पुन्हा फिरवतो. तोच करडा. कसाही धरा, काटा काट्यासारखाच दिसतो.

इतका साधा, आणि इतका बरोबर. पण ती वृंदा आहे. तिचा संशय अजून पुरता गेलेला नाही.

"आता पुढं? याला परत ताव द्यायचा? निळा करायचा, की सोन्याचं पाणी, की असाच?" ती त्याची बाही धरते. "हे बघ, आता शुद्धीत आहेस, तहान लागलेली नाही, मी समोर आहे. स्पष्ट सांग. मला परत कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही."

अच्युत तिच्याकडे बघतो. तोंड उघडतो.

लेथ सुरू होतो.

वृंदा खुर्चीत ताठ बसते. मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडते, तर तळहातावर एक काटा. करडा, मुळापासून टोकापर्यंत बारीक रेघांचा. ती झटकन निळ्या काट्यांची बशी बघते. एक काटा कमी आहे. उजव्या हाताच्या बोटांवर पोलादाचा काळा चुरा आहे, आणि एमरी पेपर पायाशी पडलाय. म्हणजे आपणच घासला? झोपेत? पण आपण तर झोपतच नाही. ती जिन्याकडे बघते. जिना मोकळा आहे.

तेवढ्यात कल्याणीवहिनी आपला चहा घेऊन येतात. कप टेबलावर ठेवतात आणि त्यांची नजर वृंदाच्या तळहातावर जाते. मग बशीवर जाते.

"वन्सं, हा ह्यांच्या निळ्यांतला ना?" त्या बशी जवळ ओढतात. "घासून टाकलात?"

थाप मारावी तर वृंदाच्या तोंडात थाप येत नाही.

"त्यानंच सांगितलं," ती म्हणते.

"कुणी?"

"दादानं."

"कधी?"

"आत्ता. दुपारी. मी एकटीच होते."

बोलता बोलताच तिला ऐकू येतं आपण काय म्हणतोय ते. गेलेल्या माणसाचा शब्द, आणि ऐकायला दुसरं कुणी नाही. आता वहिनी हसतील, नाहीतर भडकतील, नाहीतर सरळ विचारतील, की वन्सं, थाप मारताय का? विचारायचा त्यांना पुरता हक्क आहे. वृंदा मान खाली घालून वाट बघते.

वहिनी काटा उचलतात. खिडकीपाशी नेतात, उजेडात धरतात, या बाजूनं, त्या बाजूनं. पदरानं डोळे पुसतात आणि पुन्हा बघतात.

"मग परत निळा करायचा म्हणाले, की असाच ठेवायचा?" त्या विचारतात. अगदी साधेपणानं, भाजीत गूळ घालायचा का विचारावं तसं.

वृंदाला रडू फुटतं. वर्षभरात फुटलं नव्हतं असं फुटतं.

"ते नाही सांगितलं, वहिनी," ती म्हणते. "तेवढ्यात जाग आली."

"बरं," वहिनी म्हणतात, आणि अच्युतचं स्टूल ओढून तिच्या शेजारी बसतात. "मग तेवढं आपण दोघी ठरवू."