बिनक्लचची गाडी

डॉक्टरांनी सांगितलं, डावा पाय मांडीपासून काढावा लागेल. आणि आमच्या ह्यांनी काय विचारावं? "मग डॉक्टर, क्लच कशानं दाबू?" डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघायला लागले. त्यांना वाटलं असणार, माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. परिणामबिरिणाम काही नाही हो, हा माणूस पहिल्यापासूनच तसला.

मिसरूड फुटायच्या आधी हे ट्रकवर क्लीनर म्हणून लागले. मग ट्रक चालवला, मग एका कंपनीच्या बसवर चिकटले ते केस पिकेपर्यंत. घाटातल्या वळणावर असा अलगद गिअर टाकायचे, की मागच्या बाकावर झोपलेली म्हातारी कूस बदलायची नाही. डिझेल वाचवण्यात तर ह्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. उतार लागला की गिअर काढून गाडी न्यूट्रल करायची आणि सोडून द्यायची आपली वजनानं खाली. "उतार फुकट मिळतोय, त्यावर डिझेल कशाला जाळायचं?" म्हणायचे. कंपनीनं त्यासाठी ह्यांचा फोटो फळ्यावर लावला होता. घरात मात्र नळाचा वायसर बदला म्हटलं की कपाळाला आठ्या! सगळी अक्कल त्या स्टेअरिंगपाशीच संपायची.

मग साखर निघाली. नव्या बुटानं टाच चावली, जखम झाली, ती ह्यांनी मोज्यात लपवली. मी कानीकपाळी ओरडत होते, दाखवा कुणाला तरी. "बघू गं." हे मेलं 'बघू' आमच्या घराला नडलं.

पाय गेल्यावर हे खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायला लागले. रस्त्यावरून कुणी गुरगुरत गाडी नेली की इथून ओरडायचे, "सेकंड टाक रे गाढवा!" पुढे पुढे तेही बंद झालं. दाढी करायचे नाहीत, ताटातलं चिवडत बसायचे. खोटा पाय बसवून आणला, तो पलंगाखाली ढकलून दिला. एकदा मी फार बोलले, तेव्हा म्हणाले, "पाय नाही गेला गं माझा, मीच गेलोय. पाय शिल्लक असता आणि मी गेलो असतो तरी एवढंच झालं असतं." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. समोर कशाला रडायचं, त्यांना तेवढंच निमित्त!

अशात एक गाडीमालक घरी आले. टेकडीवर राहणारे. त्यांच्या मामांनी मागे ठेवलेली एक जुनी अमेरिकन गाडी होती, ती ते लग्नाला, फोटोला, जाहिरातीला भाड्यानं द्यायचे. गाडी कसली, चालतीफिरती खोलीच ती! पुढून निघाली तरी मागचा भाग अजून फाटकातच. तिचा गिअर आपला आपण बदलायचा. क्लच नाहीच. दोनच पेडल, तीही दोन्ही उजव्या पायाची. आधीचा ड्रायव्हर गाव सोडून गेला होता आणि नवे येणारे बावचळत होते. मालकांना कुणीतरी सांगितलं, एक जुना बसवाला आहे, डावा पाय नाही, पण गाडीवर माया करील.

"क्लच नाही?" ह्यांनी तीनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी दाढी केली. पलंगाखाली वाकून पाय मीच काढला, हे खाली वाकले असते तर पुन्हा उठले नसते.

पहिल्या दिवशी मलाही बरोबर नेलं. गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच. काचेमागे चार अक्षरं आणि एक काटा. न्यूट्रल, मग पुढे जायचं, मग जोर लावून चढायचं, आणि अगदी टोकाला रिव्हर्स. गाडी उभी करायची तर इंजिन बंद करून दांडा रिव्हर्सला न्यायचा, म्हणजे चाकं अडकून बसतात. हे सगळं मालकांनी समजावलं. ह्यांनी मान डोलावली आणि काटा पुढच्या अक्षरावर नेऊन ब्रेकवरचा पाय उचलला, मालकांकडे वळून नमस्कार करायला म्हणून. गाडी निघाली की! ॲक्सिलेटरला पाय लावला नव्हता तरी गोगलगायीसारखी सरकत सरकत गेली आणि तिनं कुंड्यांची अख्खी रांग आडवी केली. मालक पोट धरून हसले. हेही हसले. किती दिवसांनी हसले म्हणून मी तुटक्या कुंड्यांकडे बघत उभी राहिले, डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून.

सुरुवातीला गाडी वेग घ्यायला लागली की ह्यांचा नसलेला पाय क्लच शोधायचा. "गेलेला पाय अजून ड्यूटीवर येतो गं," मला म्हणायचे. हळूहळू ती सवय मोडली. मग काय विचारता! गिअर कधी बदलला ते पोटात कळायचं नाही, नुसतं इंजिनाचा आवाज थोडा खाली बसायचा. हे घरी येऊन जेवताना त्या आवाजाची नक्कल करून दाखवायचे, तोंडात घास असताना. मी ओरडायचे, ठसका लागेल. पण मनात म्हणायचे, लागू दे ठसका, माणूस परत आलाय माझा.

आणि टेकडीवरून उतरताना हे काय करायचे, तर जन्मभर जे केलं तेच. काटा न्यूट्रलला, गाडी सुसाट खाली. सपाटी आली की तशाच वेगात दांडा ओढून पुन्हा पुढच्या अक्षरावर. पेट्रोल वाचतंय म्हणून मालक खूश. ह्यांची मान आणखी वितभर वर.

मग एक दिवस जेवताना आवाजाची नक्कल नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मी खनपटीलाच बसले, तेव्हा म्हणाले, "गाडी रेस होते, पण ओढत नाही. आतल्या आत घसरते." मालकांना सांगितलं का? "बघू." ऐकलंत? पुन्हा 'बघू'! हे तिला गोंजारत राहिले. सकाळी लवकर जाऊन इंजिन तापवायचे, तेल बघायचे, चढाच्या अक्षरावर टाकून हळूच उठवायचे आणि मग पुढे न्यायचे. आजाऱ्याला कडेवर घेऊन फिरवावं तसं चाललं होतं. शेवटी एका लग्नात, नवरानवरी मागे बसलेली असताना, भर चौकात इंजिन बोंबलत राहिलं आणि गाडी जागची हलली नाही. वऱ्हाडानं धक्का मारला. हे आत बसून होते. उतरून धक्का मारायला पाय कुठे होता?

मिस्त्रीनं गिअरबॉक्स खोलला तेव्हा मी डबा घेऊन तिथेच होते. जळकट वास सुटला होता. मिस्त्री म्हणाला, "हिचा गिअर तेलाच्या दाबावर चालतो. इंजिन मंद ठेवून गाडी जोरात पळवली आणि वरून दांडा ओढला, की आतले पट्टे करपतात. एकदोनदा नाही, रोज झालंय हे. उतारावर न्यूट्रल कोण करत होतं?"

मी ह्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"मी," हे म्हणाले. "मीच करत होतो."

मालक एक शब्द बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान ह्यांना मान खाली घालायला कारण मिळालं असतं. हे सरळ बघत होते, त्या करपलेल्या पट्ट्यांकडे. ज्या हातासाठी फळ्यावर फोटो लागला, त्याच हातानं ह्यांनी स्वतःचं पोट नाही, स्वतःचा जीव जाळला होता. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याचं घर उन्हात बांधलं असतं हो! आता कुणाला बोलू?

सुटे भाग जगात कुठे मिळेनात. मिस्त्रीनं तोड काढली. असल्या सगळ्या गाड्यांना तो हेच करायचा म्हणे. व्हॅनचा साधा गिअरबॉक्स बसवायचा, तिसरं पेडल लावायचं. "मग कोणीही चालवेल," तो उत्साहानं म्हणाला. बोलून गेल्यावर त्याची नजर ह्यांच्या पायावर गेली आणि तो पाने पुसायला लागला.

हे घरी आले ते थेट माझ्या शिलाई मशीनसमोर बसले. खोटा पाय उचलून खालच्या पायट्यावर ठेवला आणि दाबायला लागले. सुईत दोरा नाही, कापड नाही, मशीन आपलं खडखडतंय. "शिकतो मी," म्हणाले. "शिकतो. पोरं शिकतात, मी नाही का शिकणार?" माझी गिऱ्हाइकं ब्लाउजसाठी दारात ताटकळायची आणि हा माणूस मशीनवरून उठायचा नाही. मांडीचं टोक सोलवटून निघालं. मी मलम लावायचे. हे खाली बघून दाबायचे तेव्हा पायटा हलायचा. मान वर केली की पाय कुठल्या कुठे जायचा. मला दिसत होतं. बोलले नाही. बुडत्याच्या हातातली काडी मी काढून घेऊ?

गाडी आली. ह्यांनी इस्त्रीचे कपडे घातले, मला शेजारी बसवलं. मालक म्हणाले, "काका, कशाला त्रास?" हे म्हणाले, "एकदाच." आवारात कोणी नव्हतं, मालक आणि मिस्त्री सोडून. ह्यांनी दोन्ही हातांनी मांडी धरून तो पाय क्लचवर मांडला, गिअर टाकला, मान वर केली. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर खालून नुसती करकर झाली, गिअर पडेचना. घाम ह्यांच्या कानामागून कॉलरमध्ये उतरत होता.

"पुरे, काका," मालक हळूच म्हणाले.

ह्यांनी ऐकलंच नाही. समोर रस्त्याकडे बघत, ओठ न हलवता मला म्हणाले, "अगं, वाकून बघ जरा. माझा पाय कुठाय?"

मी वाकले. पाय पेडलच्या शेजारी, जमिनीवर होता. आडवा पडलेला. मी दोन्ही हातांनी धरून तो उचलला, क्लचवर ठेवला आणि अंगातला सगळा जोर लावून खाली दाबून धरला.

"टाका गिअर," म्हटलं. "टाका हो. मी धरलाय."

गिअर पडला नाही. मग वर किल्ली फिरल्याचा आवाज आला, इंजिन थांबलं. ह्यांनी ती काढली आणि खिडकीतून हात बाहेर काढून मालकांना दिली. मी तशीच खाली वाकून क्लच दाबून बसले होते.