भोंग्याचं तोंड वावराकडे

मंडळी, मी डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा रिपीट करतेय हे अख्ख्या देऊळघाटला माहीत आहे. "औंदा तरी लागन का नंबर?" असं विचारून विचारून जीव खातात.

त्यात गावात सप्ताह चालू, आणि भोंगा बरोबर माझ्या खिडकीसमोर! आज सराव पेपरात फिजिक्सचं सोपं गणित चुकलं, तशी मी तणतणत देवळात गेले. भांडायलाच.

तर भजनी मंडळातले वासुदेवआबा शिडीवर चढून भोंग्याचं तोंड वावराकडे फिरवत होते.

"पेपर सोडून काऊन आली वं?" त्यांनी वरूनच विचारलं.

"आबा, मग गावाले कीर्तन कसं आयकू येईन?"

"ज्याले आयकाचं तो येईन देवळात. गावाले डॉक्टर पाह्यजे."

मी आल्या पावली परतले. घरी येऊन पेपर पहिल्या प्रश्नापासून सोडवला.

तुमच्यासाठी कोणी असा न सांगता भोंगा फिरवलाय का?